‘द साउंड ऑफ सायलेन्स’ : गायकांना न विचारता घडवलेले पहिल्या क्रमांकाचे गाणे

नौपाडकर

सायमन अँड गारफंकल या अमेरिकी जोडीचे ‘द साउंड ऑफ सायलेन्स’ हे गाणे आपल्यापैकी बहुतेकांनी ज्या रूपात ऐकले आहे, ते रूप घडवण्यात या दोघांपैकी एकाचाही हात नव्हता. ठाण्यातल्या आमच्या श्रवणगटात मागच्या रविवारी या गाण्याची दोन्ही रूपे लागोपाठ ऐकली, आणि त्यानंतर जो वाद पेटला तो जेवणाची वेळ टळून गेली तरी मिटला नाही, म्हणून तो येथे मांडतो आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो: गाणे पॉल सायमनचे आहे, परंतु ते गाजले याचे श्रेय निर्माता टॉम विल्सन याचे आहे, आणि ते त्याला अजूनही पुरेसे मिळालेले नाही.

ज्यांना इतिहास ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी देतो. पॉल सायमन आणि आर्ट गारफंकल हे दोघेही १९४१ सालचे, न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात वाढलेले शाळासोबती. १९५७ मध्ये, म्हणजे शाळेत असतानाच, ‘टॉम अँड जेरी’ या नावाने त्यांनी ‘हे स्कूलगर्ल’ हे गाणे काढले आणि ते बिलबोर्ड या अमेरिकी मासिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत ४९व्या क्रमांकापर्यंत पोहोचले. त्यानंतर काही वर्षे नाव घेण्यासारखे काही घडले नाही. पुढे सायमनने न्हाणीघरात दिवे मालवून, नळ सोडून, फरशांवरून परत येणाऱ्या आवाजाच्या सोबतीने गिटार वाजवण्याच्या सवयीतून हे गाणे रचले. १० मार्च १९६४ रोजी कोलंबिया कंपनीसाठी टॉम विल्सनच्या देखरेखीखाली त्याचे ध्वनिमुद्रण झाले. ऑक्टोबर १९६४ मध्ये ‘वेन्झडे मॉर्निंग, ३ ए.एम.’ या नावाची एलपी (अनेक गाण्यांची मोठी तबकडी) बाजारात आली आणि तिच्या जेमतेम ३,००० प्रती खपल्या. जोडी फुटल्यातच जमा होती. सायमन इंग्लंडला जाऊन तिथल्या लोकगीतांच्या क्लबांत गाऊ लागला, तर गारफंकल कोलंबिया विद्यापीठातल्या आपल्या अभ्यासाकडे वळला.

मात्र १९६५ च्या वसंतात बॉस्टनच्या डब्ल्यूबीझेड केंद्रावर रात्री उशिरा कार्यक्रम करणारा निवेदक डिक समर हे गाणे लावू लागला आणि तिथल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी ते उचलून धरले. सुट्टीत फ्लोरिडाच्या समुद्रकिनाऱ्यांवर जमणाऱ्या विद्यार्थ्यांकडूनही त्याची मागणी येऊ लागली. ही बातमी कंपनीच्या प्रसिद्धी विभागामार्फत विल्सनपर्यंत पोहोचली तेव्हा ‘द बर्ड्स’ या गटाने बॉब डिलनचे गाणे विजेच्या गिटारींवर आणि ड्रमवर चढवून ते गाजवलेले होते. १५ जून १९६५ रोजी, डिलनच्याच ‘लाइक अ रोलिंग स्टोन’च्या ध्वनिमुद्रणाला ज्या दिवशी सुरुवात झाली त्याच दिवशी, विल्सनने काही वादकांना थांबवून घेतले आणि सव्वा वर्षापूर्वीच्या त्या शांत ध्वनिफितीवर विजेच्या गिटारी, बास आणि ड्रम चढवले. सायमन-गारफंकल यांना कोणी विचारले नाही. १३ सप्टेंबर १९६५ रोजी ते सिंगल, म्हणजे एका गाण्याची छोटी तबकडी, म्हणून निघाले आणि १ जानेवारी १९६६ च्या यादीत अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होते.

आमच्या गटातल्या निम्म्या लोकांचे म्हणणे असे की ही सरळसरळ मोडतोड होती. आपले मत काय?

घणसोलीचा ध्वनितंत्री

मोडतोड होती की नव्हती हे नंतर ठरवू, पण ते काम किती अवघड होते हे आधी समजून घ्यायला हवे. आज आम्ही गायकाच्या कानात मेट्रोनोमची टिकटिक देतो, त्यामुळे नंतर कोणतेही वाद्य चढवले तरी ते बरोबर बसते. १९६४ च्या त्या ध्वनिफितीत असे काहीच नव्हते. दोन माणसे एकमेकांकडे पाहून, शब्दाच्या ओढीप्रमाणे लय किंचित पुढेमागे करत गात होती. अशा गाण्यावर नंतर ठेका देणे म्हणजे वादकांनी गायकांच्या मागे मागे चालणे होय.

मी एका वयोवृद्ध गायिकेच्या घरगुती ध्वनिफितीवर तबला चढवण्याचे काम केले आहे. तबलजींनी पहिले दोन दिवस तबल्याला हातच लावला नाही. हेडफोन लावून ते फक्त ऐकत राहिले आणि बाई कुठे श्वास घेतात ते कागदावर खुणा करून लिहीत राहिले. तिसऱ्या अंतऱ्यात बाईंनी एक शब्द लांबवला होता, तिथे त्यांनी सम मुद्दाम केसभर उशिरा दिली, आणि तेवढ्यानेच ती जागा सुटली. विल्सनच्या वादकांना इतकी सवड नव्हती. गिटारवर अल गोर्गोनी आणि व्हिनी बेल, बासवर जो मॅक आणि ड्रमवर बॉबी ग्रेग असे कसलेले लोक होते, म्हणून ते एकाच बैठकीत निभावले. तरीही उत्तरार्धात एके ठिकाणी ठेका दबकतो आणि आवाज पुढे येण्याची वाट पाहतो, हे चांगल्या हेडफोनवर स्पष्ट कळते. लंडनमध्ये सायमनसोबत एकाच घरात राहणारा गायक अल स्टुअर्ट याने सांगून ठेवले आहे की सायमनने हे नवे रूप प्रथम ऐकले तेव्हा नेमक्या याच जागी तो हादरला होता.

बर्ड्ससारखा घुमारा यावा म्हणून ध्वनिमुद्रक रॉय हॅली याने या रूपावर प्रतिध्वनीही भरपूर टाकला. मला तो जरा जास्तच वाटतो.

नेरुळची रसिका

नौपाडकर, आपण इतिहास नेटका मांडला आहे, परंतु निष्कर्षाशी मी सहमत नाही. ज्याने गाणे लिहिले, चाल दिली आणि गायले, त्याला न विचारता त्याच्या गाण्याचा पेहराव बदलायचा, आणि मग ते खपले म्हणून श्रेयही बदलणाऱ्यालाच द्यायचे, हा कुठला न्याय? आपल्याकडे एखाद्या कंपनीने जुन्या भावगीतावर ड्रमचा धडधडाट चढवून ते बाजारात आणले तर याच संकेतस्थळावर तिला फाडून खाल्ले जाईल, आणि त्यात आपण सर्वांत पुढे असाल.

दुसरे असे की मूळ रूपात जो एकाकीपणा आहे तो ठेक्यामुळे पातळ होतो. माणसांना एकमेकांशी बोलता येत नाही, अशा आशयाचे हे गाणे आहे. त्याला नाचता येईल असा ताल लावणे मला विसंगत वाटते. सायमनने ऑगस्ट १९६५ मध्ये इंग्लंडमध्ये निघालेल्या ‘द पॉल सायमन साँगबुक’ या एलपीसाठी हेच गाणे एकट्याने, केवळ गिटारवर म्हटले आहे. ते ध्वनिमुद्रण ऐका. त्याला स्वतःला हे गाणे कसे हवे होते याचा तो पुरावा आहे.

कोर्टनाका

मी कायद्याच्या बाजूने थोडे लिहितो, कारण ‘न विचारता’ या शब्दावर बराच भर दिसतो. त्या काळी ध्वनिफितीची मालकी कंपनीकडे असे, त्यामुळे वादकांना बोलावून तिच्यावर आणखी काही चढवण्यासाठी गायकांची संमती घेणे कंपनीला बंधनकारक वाटत नसे. गाण्याचे शब्द आणि चाल यांचे हक्क सायमनकडे होते आणि त्यांचे उत्पन्न त्याला मिळतच राहिले. म्हणजे हा प्रसंग फसवणुकीचा नव्हे, शिष्टाचाराचा होता.

आज आपल्याकडे असा प्रसंग आला तर चित्र थोडे वेगळे दिसेल. २०१२ च्या दुरुस्तीने भारतीय कॉपीराइट कायद्यात कलम ३८बी आले आणि कलाकाराला दोन नैतिक अधिकार मिळाले. एक म्हणजे आपल्या सादरीकरणाशी आपले नाव जोडले जाण्याचा, आणि दुसरा म्हणजे आपल्या प्रतिष्ठेला बाध येईल अशी मोडतोड झाल्यास ती अडवण्याचा किंवा नुकसानभरपाई मागण्याचा. गंमत अशी की यात प्रतिष्ठेची हानी दाखवावी लागते. देशात पहिल्या क्रमांकावर गेलेल्या गाण्यामुळे माझ्या अशिलाची अब्रू गेली, असा युक्तिवाद ठाण्याच्या न्यायालयात उभे राहून करायला मी तरी धजावणार नाही.

ऐरोलीकर

माझ्या पिढीला हे गाणे सायमन-गारफंकल यांच्यामुळे नव्हे, तर २०१५ साली ‘डिस्टर्ब्ड’ या मेटल गटाने केलेल्या रूपामुळे कळले. डेव्हिड ड्रेमन या गायकाने ते खर्जात सुरू करून शेवटी अक्षरशः गर्जनेपर्यंत नेले आहे. आमच्या महाविद्यालयात ते प्रत्येकाच्या मोबाइलवर होते, आणि मूळ गाणे १९६० च्या दशकातले आहे हे सांगितल्यावर मुले अवाक् होत असत. नेरुळच्या ताईंच्या मुद्द्याला यातून वेगळे उत्तर मिळते असे मला वाटते. स्वतः सायमनने त्या रूपाचे कौतुक करून ड्रेमनला तसे कळवले होते. म्हणजे आपल्या गाण्याला दुसऱ्याने हात लावू नये, अशी त्याची भूमिका असल्याचे दिसत नाही.

नेरुळची रसिका

ऐरोलीकर, डिस्टर्ब्डने स्वतःच्या गळ्याने आणि स्वतःच्या नावावर गाणे म्हटले आहे. सायमनच्या आवाजावर त्याच्या अनुपस्थितीत काही चढवलेले नाही. या दोन गोष्टी एका मापाने मोजता येणार नाहीत.

जांभळी नाका

मी हार्मोनियमची साथ करतो, पाश्चात्त्य संगीताचे माझे ज्ञान कानावर पडले तेवढेच. पण या गाण्याची चाल एवढी सरळ आहे की पेटीवर बसवायला पाच मिनिटे लागत नाहीत. काळी दोनचा षड्ज धरावा, गांधार आणि निषाद कोमल घ्यावेत. सुरुवात षड्जावरून कोमल गांधारावर, तिथून पंचमावर आणि मग मध्यमावर उतरून थांबते, आणि दुसरी ओळ हीच आकृती एक स्वर खाली, कोमल निषादापासून उचलते. अंतरा-मुखडा असा प्रकार नाही. पाच कडवी आहेत आणि प्रत्येक कडवे त्याच दोन-तीन शब्दांवर येऊन विसावते. आपल्या ओव्या-अभंगांच्या कानाला हे ओळखीचे वाटते, आणि हे गाणे इंग्रजी न कळणाऱ्यांच्याही ओठांवर बसते याचे कारण बहुधा हेच असावे.

मला खरे नवल वाटते ते दोन आवाजांचे. आपल्या युगुलगीतात एक ओळ त्याने म्हणायची, एक तिने म्हणायची, आणि शेवटी दोघांनी मिळून एकाच सुरात म्हणायची, अशी रीत आहे. येथे गारफंकलचा पातळ आवाज वर आणि सायमनचा भरीव आवाज खाली, असे दोघे वेगवेगळ्या स्वरांवरून एकच शब्द एकाच क्षणी उच्चारतात. ‘एव्हर्ली ब्रदर्स’ या भावांच्या जोडीच्या तबकड्या ऐकून त्यांनी हे लहानपणीच घोटले होते. शब्दाचा शेवटचा व्यंजनसुद्धा दोघांच्या तोंडून एकदमच सुटतो. विल्सनने ड्रम लावले काय किंवा आणखी काही लावले काय, हे दोन आवाज त्याने तसेच ठेवले, आणि म्हणून मी त्याला मोडतोड म्हणणार नाही.

वाशी सेक्टर नऊ

गाण्याच्या स्वागताविषयी फारसे कोणी लिहिलेले नाही, म्हणून भर घालतो. ‘पहिला क्रमांक’ म्हणजे नक्की काय, हे तरुण वाचकांना समजावे यासाठी सांगतो की आपल्याकडे रेडिओ सिलोनवर १९५२ मध्ये सुरू झालेल्या बिनाका गीतमालेत अमीन सायानी पुढे गाण्यांना पायदाने देत असत, तिचा आधार तबकड्यांची विक्री आणि श्रोत्यांची मागणी हा होता. बिलबोर्डची ‘हॉट १००’ ही यादी १९५८ ची, आणि तीही दुकानांतली विक्री आणि रेडिओवरचे प्रसारण यांची मोट बांधूनच तयार होत असे. हे गाणे जानेवारी १९६६ मध्ये तिथे एक आठवडा वर राहिले, मग बीटल्सच्या ‘वी कॅन वर्क इट आउट’ने त्याला खाली ओढले, २२ जानेवारीला ते पुन्हा वर चढले आणि पुढच्याच आठवड्यात बीटल्सने ती जागा परत घेतली. त्या महिन्यात बीटल्सशी अशी झोंबी खेळणे हे मोठ्या मोठ्यांना जमले नव्हते.

इंग्लंडची हकिकत मात्र उलटी आहे. ज्या देशात सायमन क्लबांतून हे गाणे म्हणत फिरला, तिथे सायमन-गारफंकल यांचे सिंगल यादीत आलेच नाही. १९६६ मध्ये तिथे गाजले ते डब्लिनच्या ‘द बॅचलर्स’ या त्रिकुटाने गायलेले गुळगुळीत रूप, आणि ते तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेले. नौपाडकरांच्या मताला यातून बळ मिळते की छेद जातो, हे मला ठरवता आलेले नाही.

नौपाडकर

सर्वांचे आभार. काही मुद्द्यांना उत्तर देतो.

वाशीकर, बॅचलर्सच्या उदाहरणाने माझे मत बळकटच होते. शब्द तेच, चाल तीच, तरीही कोणत्या देशात कोणते रूप चालेल हे साज आणि आवाज यांनी ठरवले. जांभळी नाक्यावरच्या बुवांनी चालीचा सरळपणा दाखवला तो योग्यच आहे, पण ती सरळ चाल मूळ एलपीतही होती आणि तरीही त्या एलपीला कोणी विचारले नाही. पुढे सिंगल वर चढल्यावर कंपनीने तीच एलपी जानेवारी १९६६ मध्ये पुन्हा बाजारात आणली, तेव्हा ती ३०व्या क्रमांकापर्यंत गेली. तेच ध्वनिमुद्रण, तेच मुखपृष्ठ.

नेरुळच्या ताई, भावगीताबद्दल आपण माझ्यावर जो आरोप केला तो मान्य आहे, मी सर्वांत पुढे असेन. पण माझा राग कशावर असेल? मूळ गाणे ज्यांनी मन लावून ऐकलेले नाही अशा लोकांनी त्यावर ठरावीक ठेका चिकटवला, तर त्यावर. विल्सनची गोष्ट तशी नाही. हे गाणे कंपनीत पहिल्यांदा ऐकून त्याची निवड करणारा, आणि त्या दोघांना काचेपलीकडून ध्वनिमुद्रित करणारा तोच होता. डिसेंबर १९६४ मध्ये त्याने डिलनच्या एका जुन्या ध्वनिफितीवरही असाच प्रयोग करून पाहिला होता, म्हणजे बर्ड्सची लाट येण्याआधीच लोकगीताला विजेची वाद्ये जोडण्याचा विचार त्याच्या डोक्यात घोळत होता. नवे रूप लक्ष देऊन ऐकल्यास कळेल की पहिले कडवे त्याने बरेचसे मोकळे सोडले आहे आणि ड्रम दुसऱ्या कडव्यात येतात, म्हणजे श्रोता आधी शब्दांत शिरतो आणि मग ठेका त्याला पुढे नेतो. हार्वर्डमध्ये शिकलेला, जॅझच्या तबकड्या काढत या धंद्यात आलेला हा कृष्णवर्णीय निर्माता. त्या काळात कोलंबियासारख्या बड्या कंपनीत त्या पदावर त्याच्यासारखे किती होते?

ऐरोलीकर, हे गाणे दर पिढीला नव्या वाटेने भेटते हा आपला मुद्दा मला आवडला. १९६७ च्या डिसेंबरात दिग्दर्शक माइक निकोल्स याने ‘द ग्रॅज्युएट’ या चित्रपटात ते वापरले तेव्हा गाणे दोन वर्षे जुने झाले होते, तरीही १९६८ मध्ये त्या चित्रपटाच्या गाण्यांची एलपी पहिल्या क्रमांकावर गेली. आणि ११ सप्टेंबर २०११ रोजी न्यूयॉर्कमध्ये हल्ल्याच्या दहाव्या स्मृतिदिनी सायमन एकटा गिटार घेऊन उभा राहिला तेव्हा त्याने हेच म्हटले, तेही ताईंना आवडणाऱ्या मूळ रूपाच्या वळणाने.

नेरुळची रसिका

हा शेवटचा मुद्दा आपण स्वतःहून माझ्या पारड्यात टाकला, याबद्दल धन्यवाद. विल्सनच्या कानाविषयी आपण जे लिहिले ते मी नाकारत नाही. पहिले कडवे मोकळे सोडले आहे हे मी आज पुन्हा ऐकून पाहिले आणि ते खरे आहे. परंतु लंडनला एक पत्र किंवा एक फोन करायला काय अडचण होती, या प्रश्नाचे उत्तर अद्याप मिळालेले नाही. गारफंकल तर न्यूयॉर्कमध्येच होता.

घणसोलीचा ध्वनितंत्री

ताई, फोन केला असता तर सायमनने ‘नको’ म्हटले असते, आणि विल्सनला बहुधा तीच भीती असावी. माझ्या धंद्यात असे रोज घडते. गायकाला कळवायचे असते, पण काम आधी उरकले जाते. हे समर्थन नव्हे.

एक तपशील राहून गेला. या यशानंतर कंपनीने दोघांना घाईघाईने पुन्हा एकत्र आणून डिसेंबर १९६५ मध्ये नवी एलपी ध्वनिमुद्रित करून घेतली आणि ती जानेवारी १९६६ मध्ये विक्रीला आणली. तिचे नावच या गाण्यावरून ठेवलेले आहे. पण तिचा निर्माता विल्सन नव्हे, बॉब जॉन्स्टन आहे. विल्सन तोवर कोलंबिया सोडून एमजीएम-व्हर्व्ह या दुसऱ्या कंपनीत गेला होता आणि फ्रँक झापाच्या ‘मदर्स ऑफ इन्व्हेन्शन’ या गटामागे लागला होता. त्यामुळे एलपीवरची बहुतेक गाणी जॉन्स्टनच्या हातची आहेत.

नौपाडकर

हो, आणि त्या एलपीवरच्या बाकीच्या काही गाण्यांतही बास, ड्रम आणि विजेच्या गिटारी आहेत. या वेळी मात्र सायमन स्वतः स्टुडिओत हजर होता. ‘आय अ‍ॅम अ रॉक’ त्यातलेच, आणि १९६६ मध्ये ते तिसऱ्या क्रमांकावर गेले. पुढच्या रविवारी गटात तीच एलपी लावणार आहोत. नेरुळच्या ताईंनी ‘साँगबुक’ची आपली प्रत घेऊन यावे अशी विनंती आहे, कारण त्यातली काही गाणी दोन्ही एलपींवर आहेत आणि ती समोरासमोर ठेवून ऐकता येतील.